कोरीडोरसची पैदास: अंडी सोपी, पिल्लं अवघड

मिशाळ, बोटाएवढा, घोळक्यानं तळ हुंगत फिरणारा आणि मधूनच सुळकन वर जाऊन हवेचा घोट घेऊन येणारा मासा दुकानदार ‘क्लीनर’ म्हणून गळ्यात मारतात. तोच कोरीडोरस, म्हणजे हौशी मंडळींचा कोरी. हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओहोळांचा मासा. तो काचेवरचं शेवाळ खात नाही, दुसऱ्या माशांची घाण तर नाहीच नाही. इतरांनी टाकलेलं उष्टं खाऊन तो कसाबसा जगतो, पण अंडी घालत नाही.

नीट खायला घातलं तर मात्र अंडी घालायला तो फारसे आढेवेढे घेत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर कितीतरी घरांत न मागताच काचेवर अंडी चिकटलेली दिसतात. खरी गळती होते ती अंडी फुटल्यावर, तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात. शंभर अंड्यांतून सत्तर पिल्लं निघतात आणि पंधरवड्यानं डब्यात चार उरतात. कारणं बहुतेक वेळा दोनच. पिल्लांच्या तोंडात मावेल असं खाद्य वेळेवर हाताशी नसतं आणि डब्याचा तळ बुळबुळीत झालेला असतो. म्हणून इथे पिल्लांच्या खाद्याची पायरी अंड्यांच्या आधी घेतली आहे. ती गाळून पुढे जाऊ नका.

१. कोणता कोरी घ्यायचा

पहिल्यांदा करणार असाल तर ब्राँझ कोरी घ्या. मादी ६-७ सेंटिमीटरची होते, एका वेळी शंभर-दीडशे अंडी सहज घालते आणि पाण्याच्या बाबतीत सोशिक असते. दुकानातला गुलाबी-पांढरा, लाल डोळ्यांचा अल्बिनोसुद्धा बहुधा ब्राँझच असतो.

पेपर्ड कोरीही तितकाच सोपा, पण त्याला गारवा लागतो. १८ ते २३ अंशांत तो खूश असतो. पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात हीटरशिवाय अंडी देईल. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात तो जगवणंच अवघड. उन्हाळ्यात तुमच्या टँकचं पाणी ३० अंशांच्या आसपास राहत असेल तर स्टर्बाय पाहा. तो २४ ते २८ अंशांत रमतो आणि बहुतेक कोरींपेक्षा उष्णता त्याला जास्त सोसते. किंमत जास्त पडते. पांडा दिसायला गोड, पण अंडी वीस-पंचवीसच आणि पिल्लं नाजूक, त्यामुळे पहिला प्रयोग त्याच्यावर नको.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. २०२४ साली शास्त्रज्ञांनी कोरीडोरस ही मोठी प्रजाती (जीनस, म्हणजे अनेक जातींचा गट) फोडून तिच्या अनेक प्रजाती केल्या. ब्राँझ आता ऑस्टिओगॅस्टरमध्ये गेला. पेपर्ड, पांडा आणि स्टर्बाय होप्लिसोमामध्ये. दुकानात आणि हौशी लोकांत सगळे अजून कोरीच आहेत.

एकाच जातीचे सहा मासे घ्या, शक्यतो तीन-साडेतीन सेंटिमीटरचे. ते वयात यायला साधारण वर्ष लागतं, पण नर-मादीचं प्रमाण जुळण्याची शक्यता वाढते. घेताना तीन गोष्टी बघा: मिशा पूर्ण लांबीच्या आहेत का, पोट आत गेलेलं नाही ना, पोटाखाली लालसर चट्टे नाहीत ना. मिशा झिजलेला मासा घाणेरड्या तळावर राहून आलेला असतो.

आणताना एक सापळा आहे. कोरीच्या छातीच्या परांना आणि पाठीच्या पराला कडक काटे असतात, आणि घाबरला की तो परांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून विषारी स्राव सोडतो. एका छोट्या पिशवीत सहा मासे कोंबले की घरी पोचेपर्यंत सगळे आडवे, असं यामुळे होतं. दोन पिशव्या करायला सांगा, पाणी जास्त घ्या, आणि दुकानदारानं जाळी मारल्यावर पाणी फेसाळ दिसलं तर ते तिथेच बदलून घ्या. घरी जाळीऐवजी प्लास्टिकचा मग वापरा. काटे जाळीत अडकतात आणि सोडवायला गेलात तर तुमच्या बोटात घुसतात. चांगलंच दुखतं.

नवे मासे तीन आठवडे वेगळे ठेवा.

२. सामान

- मोठ्यांसाठी टँक: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर ५६ लिटर, प्रत्यक्षात ४५-५० लिटर पाणी. कोरीला उंची नको, जमीन हवी.
- स्पंज फिल्टर आणि एअर पंप. मोटरवाला फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज बांधा.
- बारीक, गोलसर कणांची वाळू, २ सेंटिमीटर थर. नदीची वाळू आणली तर पिठाच्या नव्हे, रव्याच्या चाळणीनं चाळा आणि पाणी निवळ येईपर्यंत धुवा. रंगीत, धारदार खडी नको.
- जावा मॉस या शेवाळासारख्या पाणवनस्पतीचा मूठभर गोळा किंवा हिरव्या लोकरीचे झुबके, रुंद पानांचं एखादं रोप.
- दोन लिटरचे पारदर्शक, झाकणाचे डबे तीन. आइस्क्रीमचे धुतलेले डबे चालतात, साबण न लावता धुतलेले.
- एअरलाइन नळी, एअरस्टोन, हवा कमी-जास्त करायच्या तोट्या.
- थर्मामीटर, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर, पीएच आणि अमोनियाची तपासणी किट.
- मेथिलीन ब्लू (अंड्यांवरच्या बुरशीसाठी निळं औषध), हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे, देशी बदामाची वाळलेली पानं.
- पिल्लांच्या जिवंत खाद्यासाठी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची अंडी आणि मायक्रोवर्म या बारीक कृमींचं विरजण.
- बॅटरीवर चालणारा एअर पंप. वीज जाणार नाही अशी खात्री असेल तर सोडा, पण अशी खात्री कुणाला असते?

टँक नवा असेल तर मासे सोडण्याआधी फिल्टर मुरायला हवा, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू त्यात वाढायला हवेत. त्याला चार-सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या चालू टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर काम बरंच लवकर होतं. अमोनिया शून्य दाखवेपर्यंत कोरी आणू नका.

३. पाणी

महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांना बहुतेक धरणाचं पाणी मिळतं आणि ते मऊ असतं. कोरीच्या दृष्टीनं हे नशीबच. बोअरवेलचं पाणी बहुधा जड. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, साबणाला फेस नाही, चहाच्या भांड्याला कडा, म्हणजे मीटर लावायचीही गरज नाही. ८० ते २५० टीडीएस आणि ६.५ ते ७.५ पीएच असेल तर काही करू नका. ५०० च्या वर असेल तर मासे जगतील, अंडीही घालतील, पण बरीच अंडी पांढरी पडतील. अशा वेळी आरओचं पाणी निम्मं मिसळा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी टँकमध्ये ओतणं. त्या नळीतून मूळ पाण्यापेक्षाही जड पाणी येतं. काटकसर म्हणून ते भांडी घासायला वापरा, माशांना नको.

क्लोरीन काढायला हायपोचं द्रावण करून ठेवा. १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. १० लिटर पाण्याला त्यातलं १ मिलिलिटर पुरतं. पावसाळ्यात पालिका क्लोरीन वाढवते, तेव्हा २ मिलिलिटर घाला. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरनं धुतली असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलूच नका. नोटीस बोर्डाकडे लक्ष असू द्या.

तापमान ब्राँझसाठी २३ ते २६. उन्हाळ्यात पाणी ३० वर गेलं की अंड्यांचा नाद सोडा, मासे सांभाळा. झाकण काढून वर जाळी टाका, छोटा पंखा पाण्यावर मारा. दोन-तीन अंश उतरतात. पाणी उडतं ते साध्या नळाच्या नव्हे, आरओच्या पाण्यानं भरून काढा, नाहीतर टीडीएस चढत जातो.

४. आधी पिल्लांचं खाद्य

अंडी दिसल्यावर खाद्याची धावपळ केली तर उशीर झालेला असतो. अंडं फुटायला तीन-चार दिवस आणि पोटातला बलक संपायला दोन-तीन. मायक्रोवर्मचा डबा तयार व्हायला जवळपास तेवढेच दिवस लागतात, तेही सगळं सुरळीत झालं तर. म्हणून टँकमध्ये थंड, मऊ पाण्याचा खोटा पाऊस पाडायच्या (सहावी पायरी) दोन आठवडे आधी सुरुवात करा.

*मायक्रोवर्म.* सुतापेक्षा बारीक, दीड-दोन मिलिमीटरचे पांढरे कृमी. दोन चमचे ओट्स पाण्यात शिजवून घट्ट लापशी करा. दूध, मीठ, साखर काही नको. थंड झाल्यावर डब्यात बोटाच्या पेराएवढा थर द्या, वर कोरडं यीस्ट चिमूटभर भुरभुरा आणि चमचाभर विरजण ठेवा. झाकणाला सुईनं भोकं पाडून वर कापूस लावा. तीन ते पाच दिवसांत लापशीचा पृष्ठभाग थरथरल्यासारखा चमकू लागतो आणि कृमी डब्याच्या भिंतीवर चढतात. भिंतीवरूनच बोटानं किंवा रंगाच्या ब्रशनं पुसून घ्या. लापशी सोबत जाऊ देऊ नका, पाणी नासतं. दोन-तीन आठवड्यांनी डबा पातळ होऊन आंबट-घाण वास मारू लागतो. त्याआधीच नव्या लापशीला विरजण लावा आणि कायम दोन डबे चालू ठेवा. डबा पाण्यानं भरलेल्या ताटलीत ठेवा, नाहीतर एका रात्रीत मुंग्या सगळं फस्त करतात.

कोरीच्या पिल्लांना मायक्रोवर्म खास सोयीचे, कारण ते बुडतात आणि तळाशी बराच वेळ वळवळत राहतात. पिल्लं जिथे आहेत तिथेच अन्न पोचतं.

*आर्टेमिया.* एक लिटर पाणी, २५ ग्रॅम खडे मीठ, सपाट पाव चमचा अंडी. बाटलीचं बूड कापून ती उलटी टांगा आणि तळातून जोरात हवा द्या. २८ अंशांना चोवीस तासांत, थंडीत छत्तीस तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी पार तळाशी बसतात आणि नारिंगी पिल्लं खालच्या बाजूला उजेडाकडे गोळा होतात. ती नळीनं ओढून सुती रुमालातून गाळा, गोड्या पाण्यात खळबळा आणि मगच द्या. टरफलं गेली तर पिल्लांच्या पोटात अडकतात.

उकडलेल्या अंड्याचा बलक हा जुना उपाय सगळे सांगतात. दोन लिटरच्या डब्यात तो चार तासांत पाणी नासवतो. नकोच.

५. नर-मादी आणि खुराक

वरून बघा. बाजूनं पाहून नवख्याला काही कळत नाही. मादी वरून छातीच्या परांमागे रुंद, शेंगदाण्यासारखी. नर सडपातळ आणि लहान. सहा माशांत दोन माद्या आणि चार नर सगळ्यांत उत्तम. एकाच नरावर भिस्त ठेवली की निम्मी अंडी वाया जाण्याची तयारी ठेवा.

दोन ते तीन आठवडे खुराक वाढवा. दिवसातून दोनदा थोडंथोडं: बुडणाऱ्या गोळ्या सकाळी, गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) संध्याकाळी दिवा बंद करायच्या आधी. आठवड्यातून दोनदा बारीक चिरलेली कच्ची कोळंबी किंवा गांडूळ. कोळंबी तुरीच्या डाळीएवढे तुकडे करून, आणि अर्ध्या तासानं उरलेलं काढून टाकायचं. गांडूळखतातली लाल गांडुळं काही मासे तोंडात घेऊन थुंकतात. तसं झालं तर बागेतली शोधा. जिवंत ट्यूबिफेक्स हा बारीक लाल कृमी स्वस्त आणि माशांना प्रिय, पण तो गटारासारख्या पाण्यात वाढतो आणि रोग घेऊन येतो. डासांच्या अळ्या उत्तम खाद्य आहेत यात शंका नाही. मात्र गच्चीत बादली भरून त्या वाढवल्या तर शेजाऱ्यांना डेंग्यू आणि तुम्हाला पालिकेची नोटीस.

या काळात दर चार दिवसांनी पाव पाणी बदला. खुराक वाढला की घाण वाढते आणि तिचा पहिला फटका मिशांना बसतो. मादीचं पोट इतकं फुगायला हवं की तळावर बसल्यावर ती किंचित कललेली दिसेल.

६. पाऊस पाडणं

कोरीच्या मुलखात पावसाळा लागला की नद्यांत थंड, मऊ पाणी येतं, हवेचा दाब उतरतो, खाणं वाढतं. ही अंडी घालण्याची खूण. आपल्याकडे हवेचा दाब वर्षातला सगळ्यांत खाली जातो तो जून-जुलैमध्ये, आणि मे महिन्याच्या काहिलीनंतर पाणीही उतरतं. निम्मं काम मान्सूनच करून देतो. म्हणून खुराक मेच्या शेवटी सुरू करा आणि आकाश भरून आलेल्या दिवसाची वाट बघा.

पद्धत अशी:

पहिल्या दिवशी संध्याकाळी ४० टक्के पाणी काढा. तेवढंच नवं पाणी ३ ते ४ अंश थंड करून हळूहळू सोडा, बारीक नळीनं, अर्धा-पाऊण तास घेत. थंड करायला बर्फ थेट टँकमध्ये टाकू नका. पाण्याच्या बाटल्या गोठवून बादलीत ठेवा. शक्य असेल तर या पाण्यात तिसरा हिस्सा आरओचं किंवा पावसाचं मिसळा. पावसाचं पाणी पहिल्या चार-पाच मोठ्या सरी होऊन गेल्यावर, उघड्यावर ठेवलेल्या स्वच्छ टबमध्ये थेट पडलेलंच घ्या. पन्हळीचं नको, पत्र्याची, कबुतरांची सगळी घाण त्यातून येते. फिल्टरची हवा वाढवा, पाण्यात जोराचा प्रवाह दिसला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावल्यावर दोन तास लक्ष ठेवा. काही नसेल तर संध्याकाळी पुन्हा तेच. सलग तीन दिवस करून उपयोग झाला नाही तर थांबा, आठवडाभर नेहमीसारखं चालवा, मग पुन्हा एकदा. रोज थंड पाण्याचा मारा करत राहिलात तर अंड्यांऐवजी माशांच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येईल.

७. अंडी घालताना काय दिसतं

आधी गडबड. नर मादीच्या मागे लागतात, तिच्या पाठीवरून मिशा फिरवतात, काचेवरून वरखाली पळापळ चालते. मग एक नर आडवा होतो आणि मादी त्याच्या पोटाशी तोंड चिकटवते. वरून पाहिलं तर इंग्रजी टी अक्षर. काही सेकंद दोघं थिजल्यासारखी. त्याच वेळी ती पोटाखालचे दोन पर जोडून ओंजळ करते आणि त्यात काही अंडी सोडते. १९९५ साली जपानी संशोधकांनी ब्राँझ कोरीबद्दल दाखवून दिलं की मादी नराचं वीर्य गिळते, ते तिच्या आतड्यातून झपाट्यानं पार होतं आणि थेट त्या ओंजळीतल्या अंड्यांवर पडतं. आतड्यानं हवा घेणाऱ्या माशाकडून आणखी काय अपेक्षा करायची!

नंतर ती ओंजळ तशीच धरून फिरते, एखादी जागा तोंडानं चोखून साफ करते, पोट टेकवते आणि अंडी चिकटवून निघून जाते. बहुतेक अंडी काचेवर, फिल्टरचा प्रवाह लागतो तिथे, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात. हा प्रकार दोन-चार तास चालतो. मध्ये हात घालू नका, दिवा चालू-बंद करू नका. फक्त खायला थोडं टाकून ठेवा, म्हणजे बाकीचे अंड्यांच्या मागे लागत नाहीत.

८. अंडी काढणं आणि फुटेपर्यंत

अंडी टँकमध्ये तशीच राहू देऊ नका, मोठे मासे रात्रीतून ती खातात. पण घातल्या घातल्या हातही लावू नका, तेव्हा ती मऊ असतात. शेवटचं अंडं घालून दोन-तीन तास झाले की साबुदाण्याच्या बारीक दाण्यासारखी टणक होतात. मग ओल्या बोटानं काचेवरून हलकेच गोल फिरवत सोडवा. बोटालाच चिकटतात, तेच बोट डब्याच्या भिंतीवर पाण्याखाली टेकवा. जुनं एटीएम कार्डही चालतं. मॉसवरची अंडी मॉससकट उचला.

डब्यात दीड लिटर पाणी मोठ्या टँकमधलंच. १ टक्क्याच्या मेथिलीन ब्लूचे लिटरमागे २ ते ४ थेंब. पाणी फिकं आकाशी दिसलं की पुरे. शाईसारखं गडद केलं तर अंडी दिसत नाहीत आणि फायदाही वाढत नाही. हे औषध मोठ्या टँकमध्ये कधीही नको, फिल्टरमधले जिवाणू मरतात. औषध नको असेल तर बदामाचं हाताच्या पंजाएवढं पान चुरून टाका. रस्त्याकडेला लाल होऊन गळतात तीच पानं, पण पूर्ण वाळलेली आणि धुतलेली.

एअरस्टोन अंड्यांच्या जवळ, बुडबुडे मंद. अंड्यांवरून पाणी सरकत राहायला हवं, अंडी हलता कामा नयेत. डबा मोठ्या टँकमध्ये तरंगत किंवा काठाला अडकवून ठेवला की तापमान सांभाळायची कटकट मिटते.

पहिल्या दिवशी सगळी अंडी दुधी-पारदर्शक दिसतात. दुसऱ्या दिवशी फलित अंडी मधासारखी पिवळसर-तपकिरी होतात, रिकामी चुन्यासारखी पांढरी. पांढरी लगेच काढा. त्यांच्यावर कापसासारखी बुरशी येते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यावर पसरते. म्हणूनच अंडी चिकटवताना एकमेकांपासून अंतर ठेवायचं. औषध घातलं नसेल तर दोन चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली इवली लाल कोळंबी) सोडा, ते बुरशी लागलेली अंडी वेचून खातात आणि चांगल्यांना बहुधा हात लावत नाहीत.

सगळीच पांढरी पडली तर? पहिल्या खेपेला असं खूपदा होतं, नर कोवळे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही तेच झालं तर क्रमानं तपासा: नर पुरेसे आहेत का, पाणी जड आहे का, तापमान २८ वर होतं का. औषधाच्या बाटलीला दोष देण्याची पाळी शेवटी.

२५-२६ अंशांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी फुटतात; पेपर्डच्या गार पाण्यात पाच-सहा दिवस. फुटायच्या आधी अंड्यात दोन काळे डोळे दिसतात.

९. पहिले पंधरा दिवस

इथेच सगळा खेळ आहे.

निघालेलं पिल्लू जेमतेम पाच मिलिमीटरचं, पोटाला बलकाची पिशवी. पहिले दोन दिवस काहीही घालू नका. निळं पाणी रोज निम्मं बदलून साधं करत आणा. टरफलं ओढून घ्या.

तिसऱ्या दिवसापासून खाणं. टाचणीच्या डोक्याएवढा मायक्रोवर्मचा थेंब, दिवसातून तीनदा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्यातल्या एका वेळेला आर्टेमिया. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की खाल्लं, भिंगातून बघा. नाही दिसली तर खाद्य वाढवू नका, आधी पाणी बदला.

आता तळ. दोन दिवसांत डब्याच्या बुडावर नजरेला न दिसणारा बुळबुळीत थर येतो. बोट फिरवून बघा, कळतं. पिल्लांचं पोट आणि मिशा चोवीस तास त्याच थरावर घासतात, तिथून जिवाणूंची लागण होते आणि सकाळी तीन-चार पिल्लं उलटी दिसतात. पाणी बदललं तरी हा थर जात नाही, तो पुसावा लागतो. रोज एकदा असं करा: हवा बंद. एअरलाइन नळीच्या टोकाला काडी बांधून घाण ओढा आणि ते पाणी पांढऱ्या बादलीत सोडा. नळीत दोन-चार पिल्लं जातातच. पांढऱ्या बुडावर ती लगेच दिसतात, चमच्यानं परत आणायची. मग कापसाच्या बोळ्यानं बूड आणि भिंती पुसा. मोठ्या टँकमधलं, त्याच तापमानाचं पाणी भरा. एकूण तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी रोज.

याहून सोपी युक्ती म्हणजे दोन डबे. एक दिवस हा, एक दिवस तो. पिल्लं दुसऱ्यात ओतली की पहिला घासून उन्हात वाळवा. ऊन फुकट आहे आणि कुठल्याही औषधापेक्षा चांगलं काम करतं. डब्यात दोन रॅम्सहॉर्न गोगलगायी ठेवल्या तर उरलेलं खाद्य त्या संपवतात. मात्र त्या आहेत म्हणून पुसणं टाळू नका.

दोन लिटरच्या डब्यात चाळीसपेक्षा जास्त पिल्लं नकोत.

हवा बंद पडली तर छोट्या डब्यातली पिल्लं सगळ्यांत आधी जातात. लाईट गेली की बॅटरीचा पंप आधी डब्याला लावा, मोठ्या टँकला नंतर. आणि पावसाळ्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही: एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात मिसळतो. डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन, झुरळांचा स्प्रे यांतली कीटकनाशकं माशांना अत्यंत जहरी असतात. पालिकेची धूरफवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावा, पंप बंद करा आणि धूर विरल्यावर पुन्हा सुरू करा.

१०. पंधरवड्यानंतर

आता जीव भांड्यात पडू द्या. पिल्लांच्या अंगावर ठिपके येतात, आकार कोरीसारखा दिसू लागतो. तिसऱ्या आठवड्यात त्यांना वीस लिटरच्या टँकमध्ये हलवा: स्पंज फिल्टर मुरलेला, वाळू अगदी पातळ, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी. रिकाम्या काचेपेक्षा अशा वाळूवर मिशा चांगल्या राहतात. ओतायच्या आधी पाऊण तास दोन्ही पाणी हळूहळू एकत्र करा. या वयात अचानक बदल सोसत नाही.

खाणं दिवसातून दोनदा: आर्टेमिया, मायक्रोवर्म, आणि मोठ्यांच्याच बुडणाऱ्या गोळीची खलबत्त्यात केलेली पूड. दीड महिन्याचं पिल्लू दीड ते दोन सेंटिमीटरचं होतं. वाढ एकसारखी नसते. मोठी वेगळी काढा, कारण ती खाद्यावर बसून राहतात आणि लहानांना मिळत नाही. वाकडी, पर अपुरे असलेली पिल्लं पुढच्या पैदाशीत वापरू नका. पुढची जोडी लावताना दुसऱ्या घरचे नर आणा. एकाच खेपेच्या अंड्यांतली भावंडं पिढ्यान्‌पिढ्या जुळवली की अंडी कमी आणि व्यंगं जास्त.

तीन महिन्यांत अडीच सेंटिमीटरची झाली की देता येतात. टँकला जड झाली म्हणून नदीत, तळ्यात, विहिरीत सोडायची नाहीत. हौशी लोकांनी सोडलेला सकर मासा आपल्या देशातल्या किती जलाशयांत माजला आहे ते मच्छीमारांना विचारा. जास्त झाली तर दुकानदाराला द्या, बदल्यात खाद्य घ्या.

देताना आदल्या दिवशी उपाशी ठेवा. एका पिशवीत पाचच पिल्लं, तिसरा हिस्सा पाणी, बाकी हवा. पिशवी बांधण्यापूर्वी मगात घेऊन दहा मिनिटं थांबा, म्हणजे घाबरून सोडलेला स्राव त्या पाण्यातच राहील. मग ते पाणी फेकून ताजं भरा. पिशवीचे खालचे दोन कोपरे रबरबँडनं बांधून टाका, नाहीतर पिल्लं त्या टोकात शिरून चेंगरतात.